बांबूला फूल आले, ऐकले कोणी?

मिझोरामच्या डोंगरांतला मौतक बांबू साधारण ४८ वर्षांनी एकदाच फुलतो, तोही रानच्या रान एकाच वेळी. पेरूएवढी फळे धरतात आणि बांबू वाळून जातो. त्या फळांवर उंदीर पोसतात, बेसुमार वाढतात. फळे सरली की त्यांच्या झुंडी झूम (फिरत्या) शेतीतल्या भातावर उतरतात. संध्याकाळी डोलणारे शेत सकाळी नुसती धाटे होऊन उभे असते. मिझो भाषेत या दुष्काळाला ‘मौताम’ म्हणतात, बांबूचे मरण.

१९११चा मौताम पाहिलेली माणसे हयात होती. पुढचा १९५९च्या सुमारास येणार, हे ती बोटांवर मोजून सांगत होती. तेव्हा हा भाग आसामचा एक जिल्हा होता. मिझो जिल्हा परिषदेने ऑक्टोबर १९५८मध्येच ठराव करून पूर्वतयारीसाठी १५ लाख रुपये मागितले. आसाम सरकारने ही आदिवासींची अंधश्रद्धा ठरवली आणि मागणी फेटाळली.

दुष्काळ आलाच.

त्यात १९६०मध्ये आसामी ही राज्याची राजभाषा झाली. ज्यांना भात मिळाला नव्हता, त्यांच्या भाषेलाही जागा उरली नाही. गावोगाव तांदूळ पोचवणाऱ्या ‘मिझो नॅशनल फॅमिन फ्रंट’च्या नावातून १९६१मध्ये ‘फॅमिन’ गळले. लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र देश मागणारा मिझो नॅशनल फ्रंट उभा राहिला. १ मार्च १९६६ला त्याने स्वातंत्र्य जाहीर केले.

सशस्त्र बंड कोणतेही सरकार मोडून काढणारच. पण ५ मार्चला हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉल या मुख्य शहरावरच मारा केला. बंदूक हाती न धरलेली कुटुंबेही पोरेबाळे उचलून रानात पळाली. १९६७पासून सैन्याने पाचशेहून अधिक गावे उठवून लोकांना रस्त्यालगतच्या कुंपणबंद वस्त्यांत आणले. मागे राहिलेली घरे आणि धान्याची कोठारे पेटवण्यात आली. मौतामने एका हंगामाचा भात खाल्ला होता. आता पिढ्यांचे शेतच सुटले. हे मनाला लागते.

वीस वर्षांनी, ३० जून १९८६ला फ्रंट आणि केंद्र सरकार यांच्यात करार झाला. लालडेंगा मुख्यमंत्री झाले आणि फेब्रुवारी १९८७मध्ये मिझोरामला राज्याचा दर्जा मिळाला. जमीन आणि रूढींबाबत संसदेचा कायदा विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होणार नाही, अशी हमी राज्यघटनेत आली.

२००६-०७मध्ये बांबू पुन्हा फुलला. या वेळी ऐझॉलमध्ये मिझोंचे सरकार होते. तेव्हाचे मुख्यमंत्री झोरामथांगा हे लालडेंगांचेच एकेकाळचे सहकारी. उंदीर मारणाऱ्या शेतकऱ्यांना शेपटीमागे पैसे मिळू लागले, आणि सरकारी माणसे शेपट्यांचे ढीग मोजत बसली.