मुक्ताचा युक्तिवाद

सावित्रीबाई फुल्यांच्या शाळांविषयी महाराष्ट्रात आता पुष्कळ लिहिलं जातं. भिडेवाडा, वाटेत अंगावर पडणारं शेण, पिशवीतलं जादा लुगडं ही चित्रं शाळकरी मुलांनाही पाठ आहेत. त्या शाळांत बसलेल्या मुली पुढे काय विचार करू लागल्या, याकडे मात्र आपण क्वचितच वळतो. वास्तविक त्याचा छापील पुरावा उपलब्ध आहे. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत ‘मांग महाराच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापला. लिहिणारी मुक्ता, म्हणजे आज आपण जिला मुक्ता साळवे म्हणतो ती, फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली विद्यार्थिनी, वय १४. महार-मांग मुलांसाठी जोतिराव फुल्यांनी शाळा काढली ती १८५२ मध्ये. तिथून मोजलं, तर मुळाक्षरांपासून या निबंधापर्यंत तीनेकच वर्षं जातात. आज मुक्ताची आठवण निघते ती ‘पहिली दलित लेखिका’ म्हणून. मान रास्तच आहे, पण तो देऊन झाला की निबंध वाचायचा राहून जातो. माझं म्हणणं असं, की हा निबंध म्हणजे केवळ दुःखाचा उद्गार नाही. तो बांधेसूद युक्तिवाद आहे, आणि शिक्षणाची मागणी हा त्या युक्तिवादाचा निष्कर्ष आहे. मुलींना, अस्पृश्यांना शिकवा असं सांगणारे आधीही होते. पण ज्यांना शिकवायचं, त्यांच्यातलीच एक मुलगी इथे स्वतः बाजू मांडायला उभी राहते.

ती सुरुवात करते वेदांपासून. वेद आमचेच, आम्हीच पाहावेत, असं ब्राह्मण म्हणतात. ठीक, मग आम्हाला धर्मपुस्तक नाही, हे त्यांनीच कबूल केलं. वेद ब्राह्मणांसाठी असतील, तर वेदांप्रमाणे वागणं हा ब्राह्मणांचा धर्म झाला. ज्यांना ते पुस्तक नुसतं पाहण्याचीही मोकळीक नाही, ते धर्मरहित ठरले. मुसलमानांना कुराण आहे, इंग्रजांना बायबल आहे, आम्हाला काय? मग आमचा धर्म कोणता ते तूच सांग, असं ती थेट देवाला विचारते. आणि ज्या धर्मात एकानं भोगायचं आणि बाकीच्यांनी बघत राहायचं, तो पृथ्वीवरून नाहीसा होवो, त्याचा अभिमान बाळगण्याचं आमच्या मनातही न येवो, असं मागणं मागते. प्रतिपक्षाचंच विधान घ्यायचं आणि ते त्याला नको असलेल्या टोकापर्यंत न्यायचं, ही जाणत्या वादपटूची रीत. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची जी घोषणा केली, तिच्या ऐंशी वर्षं आधी पुण्यातली एक मुलगी हा प्रश्न तर्काच्या वाटेनं गाठते. पुराव्यादाखल मग ती पेशवाईतला जाच मांडते: इमारतीच्या पायात तेल-शेंदूर पाजून पुरलेली माणसं, तालीमखान्यासमोरून गेल्याबद्दल उडवलेलं शिर आणि गुलटेकडीच्या मैदानात त्याचा केलेला चेंडू.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढं सगळं १४ वर्षांच्या मुलीला कसं सुचेल? हात गुरूचा असणार, नाहीतर मिशनऱ्यांचा. मिशनऱ्यांचं आधी पाहू. ‘आमचा धर्म कोणता’ या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याजवळ तयारच होतं. निबंध त्यांनी रचला असता, तर पुढच्याच वाक्यात ख्रिस्त आला असता. मुक्ता प्रश्न तसाच मोकळा ठेवते आणि लोकांना शाळेकडे वळवते. गुरूची छाया आहे, हे मान्य करायला हवं. पेशवाईतल्या अशा कथा फुल्यांच्या लेखनातही भेटतात. पण याच १८५५ साली फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिलं, ते शेजारी ठेवून पाहावं. त्यात एक गरोदर बाई आहे. जोशी तिला ग्रहांची भीती घालून नवराबायकोला लुबाडतो आणि अखेर दोघं फुल्यांच्या रात्रशाळेची वाट धरतात. नाटकातलं हे कुणबी जोडपं नाडलेलं असलं, तरी त्याला घर आहे. मुक्ता लिहिते त्या बायकांना बाळंतपणात डोक्यावर छप्परही नसतं, थंडीवाऱ्यात आणि पावसात त्या कशा सोसतात, हे तुमच्या अनुभवावरून ताडून पाहा, असं ती वाचणाऱ्यांना बजावते. हे तपशील मुक्ताच्या वस्तीतले आहेत, गुरूच्या घरातले नव्हेत. शिक्षकानं विचार करायला शिकवलं म्हणून विचार शिक्षकाचा होत नाही. दक्षिणा प्राइझ कमिटीनं गुरूचं नाटक नाकारलं, आणि शिष्येचा निबंध त्याच वर्षी छापून आला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुक्ता इंग्रजी राज्याची स्तुती करते. करतेच. जुलूम आटला, बाजारात फिरता येऊ लागलं, अंगावर चांगलं वस्त्र दिसलं की चोरीचा आळ येई तो थांबला, असं ती लिहिते. पेशवाई बुडाल्याला तेव्हा अवघी ३७ वर्षं झाली होती. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी ते दिवस स्वतः पाहिलेले होते. तेव्हा या स्तुतीला लाचारी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. शिवाय निबंधाच्या अखेरीस एक जागा आहे, तिच्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. आपल्या लोकांना ती सांगते, की ज्ञान हेच तुमच्या दुखण्यावरचं औषध. ते घ्या, म्हणजे वेड्या समजुती जातील, वागणं सुधारेल आणि जनावरांसारख्या रात्रंदिवस होणाऱ्या तुमच्या हजेऱ्या बंद होतील. या हजेऱ्या पेशव्यांच्या काळातल्या म्हणून ती सांगत नाही. त्या चालू आहेत, आणि राज्य इंग्रजांचं आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा झाला १८७१ मध्ये, म्हणजे निबंधानंतर १६ वर्षांनी. संबंध जमातीला जन्मानं चोर ठरवून तिची मोजदाद करण्याची रीत कायद्याच्या आधीपासून पुण्याच्या आसपास मांगांच्या अंगवळणी पडली होती, याची साक्ष एका शाळकरी मुलीच्या निबंधात मिळते. अण्णाभाऊ साठ्यांची ‘फकिरा’ १९५९ ची. तिच्यातली हजेरी वाचताना काळजात कळ उठते, त्या कळेची जुनी छापील नोंद शोधायला मुक्तापर्यंत जावं लागतं. इंग्रजांची स्तुती करणाऱ्या निबंधातच इंग्रजी अंमलावरचा हा ठपका आहे, आणि तो तिनं आवाज न चढवता ठेवला आहे.

स्त्रीशिक्षणाच्या इतिहासात या हजेरीला मी एवढं महत्त्व देतो, त्याला कारण आहे. मुलींनी का शिकायचं, याची एकोणिसाव्या शतकातली बहुतेक उत्तरं घरापाशी येऊन थांबतात: संसार नेटका होईल, नवऱ्याला सोबत मिळेल, मुलं सुसंस्कारी होतील. १८८४ मध्ये हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा तिथल्या अभ्यासक्रमावर टिळकांच्या ‘मराठा’नं टीकेची झोड उठवली, ती याच हिशेबानं, आणि शाळेचे कैवारीही पुष्कळदा त्याच भाषेत उत्तर देत राहिले. मुक्ताच्या निबंधात हे कारण एकदाही येत नाही. चांगली गृहिणी होण्यासाठी शिकावं, असं ती कुठंच म्हणत नाही. माणसाला उभं करून मोजण्याचा सरकारचा अधिकार संपावा, यासाठी शिकायचं, असं ती म्हणते. आणि हे ती मुलींना वेगळं काढून सांगत नाही, साऱ्या वस्तीला सांगते.