दहावीनंतर हरवलेली माणसं

आमच्या जालना जिल्ह्यातल्या आष्टीत पहिल्या प्रेमाची ताटातूट बहुतेक वेळा लग्नसराईत व्हायची. मार्चमध्ये दहावीची परीक्षा, एप्रिलमध्ये सोयरीक, आणि जूनमध्ये निकाल लागेपर्यंत पोरगी सेलूकडं नाहीतर माजलगावकडं नांदायला गेलेली. कायद्यानं मुलीच्या लग्नाचं वय 1978 पासून अठरा आहे. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालना जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या सुमारे 35 टक्के बायकांचं लग्न अठराच्या आतच झालेलं आढळलं. आमची 1995 ची बॅच. तेव्हाची गत काय असेल, ते वेगळं सांगायला नको.

लग्नात मुलीचं आडनाव बदलायचं, गाव बदलायचं, पुष्कळदा पहिलं नावसुद्धा. मग पत्र टाकायचं कुणाच्या नावानं? तिनं धाडस करून माहेरच्या गावी त्याच्या पत्त्यावर लिहावं, तर आष्टी बीडमध्येही आहे आणि वर्ध्यातही. परतूर तालुका आणि पिन कोड नीट घातला नाही तर आंतरदेशीय कुठं जाईल याचा भरवसा नाही. आणि पोचलं तरी ते आधी फोडणार घरातलं मोठं माणूस.

पुढं एसटीडी बूथ आले. पिवळी पाटी, काचेचं दार, मीटरवर पळणारे लाल आकडे. पण बूथवाला गावातलाच, आणि पलीकडं फोन उचलणार सासरा. नंबर फिरवून, आवाज ऐकून ठेवून देणारे आमच्यात बरेच होते. आवाज हवा तो नसायचाच.

खरा बदल झाला सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आल्यावर. स्वस्त डेटा शेतातल्या बांधापर्यंत गेला. जानेवारी 2017 मध्ये ‘ती सध्या काय करते’ हा सिनेमा थिएटरात आला आणि जो तो तोच प्रश्न विचारायला लागला. गावोगाव दहावीच्या बॅचचे व्हॉट्सअॅप ग्रुप निघाले, दिवाळीत स्नेहमेळावे भरू लागले. दिवाळीतच, कारण भाऊबीजेला पोरी माहेरी असतात.

आमच्या मेळाव्यात जुन्या वर्गात बाकावर बसवून हजेरी घेतली. मुलींची नावं माहेरच्या आडनावानं पुकारली. एकीनं “हजर” म्हटलं आणि मागच्या बाकावरच्या एकानं मान खाली घातली. त्याची बायको आजारात गेलेली, तिचा नवरा अपघातात. जेवणाच्या पंगतीत ती त्याला म्हणाली, “माझा कर्कटक तुझ्याकडंच राह्यला की रे.” त्यानं तो खरंच ठेवला होता, घरी, बियाण्याच्या पावत्यांच्या डब्यात. तिथून दोघांचं बोलणं सुरू झालं.

अशा सगळ्याच जुन्या ओळखी भल्या ठरल्या असं मी म्हणणार नाही. नांदत्या घरात चोरून मेसेज सुरू झाले की त्यात तिसऱ्याचा जीव जळतो, आणि त्याचं कौतुक मला करवत नाही. पण ही दोघं एकटी होती. त्यांच्या बोलण्यात कुणाचं काय जात होतं?

तरी गावानं तिलाच धारेवर धरलं. त्याच्या बायकोचं वर्षश्राद्ध होण्याआधीच पाहुणे त्याला स्थळं सुचवत होते. तिनं मात्र हिरवी साडी नेसली तरी जावा कुजबुजायच्या. ग्रुपवर दोघा-तिघांनी चेष्टा केली, तेव्हा ती ग्रुप सोडून गेली. मे 2022 मध्ये कोल्हापूरच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात सरकारनं सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं थांबवायला ठराव पुरतो. पण तिनं पुन्हा कुणावर जीव लावावा, हे जावेच्या आणि दिराच्या गळी उतरायला फार वेळ लागतो.

तिच्या मुलानं मात्र समजून घेतलं. पुण्यात कंपनीत आहे तो. फोनवर म्हणाला, “आई, मी तिथं नसतो. तुला ताप आला तर पाणी कोण देणार?” दीर अजून तयार नाही, शेताच्या वाटणीचं कारण पुढं करतो. म्हणून दोघांनी विशेष विवाह कायद्यानं लग्न करायचं ठरवलंय. त्यात विवाह अधिकाऱ्याकडं तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि लग्नाला तीन साक्षीदार लागतात. आमच्या वर्गातून तिघं तयार आहेत, त्यात मी एक. बाकीच्यांनीही त्या दिवशी जालन्याला यावं, आणि ज्यांनी चेष्टा केली त्यांनी तर आधी यावं.