वकट, लेंड, मूंड

विटीदांडू खेळलेल्या माणसाला 'वकट, लेंड, मूंड, नाल' हे शब्द समजावून द्यावे लागत नाहीत. गलीवर आडवी ठेवलेली विटी दांडूनं कोलायची, ती पडेल तिथून गलीपर्यंतचं अंतर दांडूनंच मोजायचं आणि मोजणीत शेवटी जो शब्द येईल, त्याप्रमाणे विटी पावलावर, मुठीवर ठेवून टोलवायची. शब्दांचा अर्थ मात्र कोणी विचारीत नसे. आम्हां पोरांना ती खेळातली बडबडच वाटे.

सोलापुरात आमच्या शेजारी एक तेलुगू विणकर कुटुंब राहत असे. एकदा आमची मोजणी ऐकून त्यांच्या आजी हसल्या. "अरे, हे तर आमचे आकडे!" असं म्हणून त्या बोटांवर मोजू लागल्या, "ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु." म्हणजे एक, दोन, तीन, चार! आमच्या मोजणीत नालपुढं 'आर' येई. तेलुगूत 'आरु' म्हणजे सहा. पाच तेवढे वाटेत कुठंतरी सांडले!

दोन भाषांचं हे शेजारपण मातीत खेळणाऱ्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ जपलं. मैदानांबरोबर विटी गेली, तर ही मोजणीही मुकाट्यानं जाईल. म्हणून घरातल्या मुलांच्या हाती एकदा तरी दांडू द्यावा, आणि मोजायला लावावं.