अजगराच्या विळख्याविषयी

अजगर दुरूनच श्वासाने बकरी ओढून घेतो आणि ती गिळल्यावर झाडाला वेटोळे घालून पोटातील हाडांचा चुरा करतो, या कथा खेड्यापाड्यांतून पिढ्यान्पिढ्या अशा खात्रीने सांगितल्या जातात की, त्यांची शहानिशा करण्याचे प्रयोजन सहसा कोणास वाटत नाही. वस्तुतः अजगर वाटेवर निश्चल दबा धरतो, भक्ष्य टप्प्यात येताच आत वळलेल्या दातांनी ते पकडतो व क्षणार्धात त्यास वेढे घालतो. हाडे मोडणे हा त्या वेढ्यांचा हेतू नव्हे. ती पुढे जठररसातच विरघळतात. श्वास कोंडून जीव जातो, हीही अर्धीच हकिकत. अमेरिकेतील संशोधकांनी बोआ सर्पाच्या विळख्यातील उंदरांचा रक्तदाब मोजून 2015 साली असे दाखविले की, काही सेकंदांतच रक्ताभिसरण कोलमडते आणि गुदमरण्याइतकाही अवकाश भक्ष्यास मिळत नाही.

मग माणसाला धोका मुळीच नाही काय? आहे, परंतु तो मुख्यत्वे आग्नेय आशियातील जाळीदार अजगराचा. 2017 साली इंडोनेशियातील सुलावेसी बेटावर पामतेलाच्या बागेत गेलेला एक तरुण अशाच अजगराच्या पोटात सापडला. फिलिपिन्समधील आग्ता या ठेंगण्या बांध्याच्या वनवासी शिकाऱ्यांत तर, एका मानववंशशास्त्रज्ञाने विचारपूस केलेल्या 58 पुरुषांपैकी 15 जणांवर अजगराने कधी ना कधी झडप घातली होती. प्रौढ माणूस गिळताना सर्पाच्या जबड्यास खरी अडचण होते ती रुंद खांद्यांची, आणि आपल्याकडील अजगर सामान्यतः तीनेक मीटरांचा! त्याचा चावा रक्तबंबाळ करील, पण तो बिनविषारी आहे.

आपल्या मुलखात खरी जोखीम निराळीच आहे, आणि तिची चर्चा मात्र फारशी होत नाही. अजगराचे पिल्लू समजून बेलाशक हाती घेतलेला साप पुष्कळदा घोणस निघतो, जिच्या विषाने रक्त गोठण्याची क्रियाच बिघडते. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा असतात, तर अजगराचे पट्टे ओबडधोबड व एकमेकांत मिसळलेले. शिवाय डिवचलेली घोणस कुकरच्या शिट्टीसारखा दीर्घ फुत्कार सोडते. ही पारख नवख्याने हातभर अंतरावरून करू नये. वन खात्यास वर्दी द्यावी, कारण अजगर निघाला तरी 1972 च्या वन्यजीव कायद्यान्वये त्यास मारणे वा बाळगणे हा गुन्हाच आहे.