रोशा, मोह आणि डोंगरातील संसार

साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या भोवती सह्याद्रीच्या उत्तर टोकाला पसरलेल्या उतारांवर, भाद्रपद सरता सरता जे उंच, तांबूस तुऱ्यांचे गवत डोलू लागते, त्याला रोशा म्हणतात. कोणी तिखाडीही म्हणतात. ते चुरडले की गुलाबासारखा गंध बोटांना लागून राहतो, कारण गुलाबाच्या अत्तरातील जिरॅनिऑल हे द्रव्य याच्याही तेलात मुबलक असते.

एकोणिसाव्या शतकात या गवतावर एक उद्योगच उभा होता. फुलोऱ्यावर आलेले गवत कापून त्याच्या पेंढ्या ओढ्याकाठच्या भट्टीपर्यंत वाहायच्या, भांड्यात पाण्यासह ठासून झाकणाच्या सांधी लेपाने बुजवायच्या, आणि बांबूच्या नळीतून निघालेली वाफ थंड पाण्यात बुडविलेल्या दुसऱ्या भांड्यात उतरवायची. ती निवली, की पाण्यावर फिकट पिवळ्या तेलाचा तवंग धरे. गवत डोंगराचे, सरपण डोंगराचे, पाणी डोंगराचे, नळीसुद्धा डोंगरातल्याच बांबूची. पण हे तेल मुंबईहून जहाजाने कॉन्स्टँटिनोपलकडे जाई, गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई, आणि युरोपच्या पेठेत 'तुर्की जिरॅनियम तेल' म्हणून ओळखले जाई. ज्या प्रांताचे ते तेल, त्याचे नावही त्यावर राहू नये, हे मला आजही डाचते.

त्यातच १८७८ च्या वन कायद्याने जंगले राखीव होऊ लागली. गवत, डिंक, मोह यांवरची पिढीजात वहिवाट ही हक्काची बाब न राहता सरकारी मेहेरबानीची बाब झाली, आणि परवाना, मक्ता, दंड हे शब्द कोकणा, भिल्ल, पावरा यांच्या घरांत शिरले.

तरीही संसार चालला तो जंगलाच्याच पंचांगावर. चैत्राच्या सुमारास मोहाची फुले पहाटे गळतात, म्हणून झाडाखालची जमीन आधीच झाडून ठेवायची आणि उजाडता उजाडता टोपल्या भरायच्या. पुढे तेंदूची पाने, चारोळी, आणि पावसाच्या तोंडाशी मोहाच्या बियांचे तेल.

याच साक्री तालुक्यातील बारीपाड्याने जंगलाचा हा हिशेब आपल्या हाती घेतला. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लादून घेतली, बांध घातले आणि सुमारे ४४५ हेक्टर जंगल राखले; पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. जंगल राखल्याने विहिरींना पाणी टिकले आणि भाताची शेती सुधारली, हे तर आहेच; मला मात्र अधिक मोलाची वाटते ती तेथील रानभाज्यांची पाककृती स्पर्धा. तीत ज्ञानाची मालकी कोणाकडे आहे, हे उघड दिसते. शेवळ्यासारखी रानभाजीच घ्या: शेवळे खाजरे असते, आंबट घातल्यावाचून ते घशाखाली उतरत नाही. आणि ते आंबट किती घालावे, हे चुलीपुढे बसलेली आजी सुनेला अंदाजानेच सांगते.