बहिष्कार कोणी घातला?

जुन्या मराठी वर्तमानपत्रांत ‘बहिष्कार’ हा शब्द पानोपानी भेटतो. १९०५ साली बंगालची फाळणी झाली आणि विलायती मालावर बहिष्काराची चळवळ उभी राहिली. टिळकांच्या ‘केसरी’ने त्याचा जोरदार पुरस्कार केला. स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य ही चतुःसूत्री घरोघरी पोहोचली. त्या लिखाणात बहिष्कार म्हणजे अभिमानाची गोष्ट! ज्याच्या हाती नाकारण्याची ताकद, त्याचे ते शस्त्र.

पण आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला हाच शब्द उलट्या टोकाने आला. त्यांनी काय नाकारायचे? पाणी, वाट, शाळेतली जागा, सारे त्यांनाच नाकारलेले. त्यातून कोणी हक्क मागितला, तर गावाचा ठराव होई. वाण्याने मीठ-मिरची द्यायची नाही, शेतकऱ्याने कामावर घ्यायचे नाही. गावच्या बोलीत याला ‘वाळीत टाकणे’ म्हणत.

बाबासाहेबांनी हा शब्द उचलला आणि त्याला नवे तेज दिले. २० जुलै १९२४ रोजी ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन झाली. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केल्यानंतर दोनच आठवड्यांनी, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक निघाले.

या नावाचे मर्म आमच्या मते असे आहे. ‘अस्पृश्य’ म्हटले की जणू दोष त्या माणसाच्याच अंगी आहे असे वाटते. ‘बहिष्कृत’ म्हटले की लगेच प्रश्न उभा राहतो : बहिष्कार घातला कोणी? शब्द बदलला आणि आरोपी बदलला. शिवाय पुढे ‘भारत’ आहे. म्हणजे बाहेर काढलेली माणसे मूठभर नव्हेत, तो एक देशच आहे.

१९२८ साली आलेल्या सायमन कमिशनवर काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. बाबासाहेबांनी मात्र बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने कमिशनला निवेदन दिले आणि २३ ऑक्टोबरला पुण्यात साक्षही दिली. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. पण जो आधीच बाहेर आहे, त्याने आत आपले गाऱ्हाणे मांडायचे सोडून आणखी बाहेर का राहावे?

त्याच सुमारास मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट कमिटीत बाबासाहेब आणि डॉ. सोळंकी सभासद होते. दलितांना दडपण्यासाठी सामाजिक बहिष्काराइतके प्रभावी हत्यार दुसरे नाही, असे त्या कमिटीने १९३० च्या अहवालात नमूद केले. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात बाबासाहेबांनी असा बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली.

ती मागणी कायद्यात यायला पुढे कित्येक वर्षे गेली. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली झालेल्या दुरुस्तीने अनुसूचित जाती-जमातींवरील सामाजिक व आर्थिक बहिष्कार स्पष्टपणे गुन्हा ठरला. महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६ चा. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

बंधू-भगिनींनो, वर्तमानपत्रात ‘गावात तणाव’ एवढेच छापून आले, तर तिथेच थांबू नका. दुकान कोणी बंद केले, पाणी कोणी तोडले, हे विचारा. मुलांनाही विचारायला शिकवा. ‘बहिष्कृत भारत’ या नावाने आपल्याला हाच प्रश्न विचारायला शिकवले आहे.

जयभीम!