तीस सेकंदांची जाहिरात : एक अभ्यास-उपक्रम

विद्यार्थ्यांनी स्वतः एक लहानशी जाहिरात-चित्रफीत तयार करावी, हा उपक्रम काही पालकांना अभ्यासाबाहेरचा वाटतो. आमच्या मते भाषा, विज्ञान आणि नागरिकशास्त्र या तिन्ही विषयांचा तो एकत्रित अभ्यास आहे.

जाहिरात कोणाची झळकावी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले, तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात छापण्यास ‘केसरी’ने नकार दिला होता. आज साध्या मोबाइलच्या रूपाने प्रसिद्धीचे साधन आपल्या मुलांच्या हाती आले आहे. ते प्रामाणिकपणे कसे वापरावे, हे शिकविणे शाळेचे कर्तव्य होय.

वस्तू म्हणून आम्ही शिवणवर्गात तयार झालेली कापडी पिशवी निवडली. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून तिची गरज घरोघरी ठाऊक आहे. पहिली पायरी संहितेची. स्पष्ट उच्चारांत बोलायचे तर तीस सेकंदांत साठ-पासष्ट शब्दच मावतात. म्हणून एका जाहिरातीत एकच गोष्ट सांगावी लागते. एका गटाने लिहिले, ‘ही पिशवी कधीच फाटत नाही.’ आम्ही एवढेच विचारले, “हे तुम्हांला कसे कळले?” मुलांनी पिशवीत पाच किलो ज्वारी भरून पाहिली, मग दहा किलो. दहा किलोला बंदाची शिवण उसवली. वाक्य बदलले : ‘पाच किलो धान्य निर्धास्त न्या.’ शिवणवर्गातील मुलींनीही त्या दिवसापासून बंदाला दुहेरी टीप घालण्यास सुरुवात केली.

संहितेनंतर कागदावर आठ-दहा चौकोन आखून त्यांत एकेक दृश्य रेखाटावे आणि त्याखाली सेकंद लिहावेत. चित्रणाच्या वेळी मोबाइल आडवा व स्थिर धरावा. ज्याचे चित्रण करायचे, त्याचे तोंड खिडकीकडे असावे. खिडकी पाठीशी आली की चेहरा काळवंडतो. निवेदन स्वतंत्रपणे ध्वनिमुद्रित करावे. रिकाम्या वर्गात आवाज घुमतो. गाद्या-रजयांनी भरलेल्या वसतिगृहाच्या खोलीत तो स्वच्छ येतो. संगीत दुसऱ्याचे उचलू नये. आमच्या मुलांनी हलगी वाजविली आणि ती पुरेशी ठरली.

शेवटची पायरी संकलनाची. पंधरा-वीस मिनिटांच्या चित्रणातून तीस सेकंद निवडायचे असतात. शिवण उसवल्याचे दोन सेकंद कापले की तीच पिशवी दहा किलो वजन सहज पेलताना दिसते, हे मुलांनी संगणकावर स्वतः करून पाहिले. वर्गात काही काळ शांतता पसरली. त्यानंतर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याची ओळख करून देणे सोपे गेले. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी दहा लाखांपर्यंत आणि पुन्हा तसेच केल्यास पन्नास लाख रुपयांपर्यंत दंड करण्याची तरतूद त्यात आहे. एरवी पाठ करावी लागणारी ही माहिती मुलांच्या सहज ध्यानात राहिली.

आता गोरेपणाच्या मलमाची जाहिरात लागली की हीच मुले विचारतात, “आधीचा आणि नंतरचा चेहरा एकाच उजेडात टिपला आहे का?” ज्या मुलींना सावळ्या रंगावरून टोमणे ऐकावे लागतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही.

पालकांना आमची विनंती आहे की सुटीत मुले घरी आली असता त्यांच्यासोबत बसून एखादी जाहिरात पाहावी आणि तिच्यात काय कापले असेल, हे त्यांना विचारावे. माजी विद्यार्थ्यांपैकी जे छायाचित्रण वा संकलनाच्या व्यवसायात आहेत, त्यांनी वर्षातून एखादा दिवस या वर्गासाठी द्यावा.